दोन यमुना, एक माटिल्डा

कारापूरच्या मुलांना विशेषनाम शिकवताना मी दोन यमुना सांगतो. कुर्लेकरांची यमुना १८७३ मध्ये न्या. महादेव गोविंद रानड्यांशी लग्न होऊन रमाबाई झाली. जोशांची यमुना पुढच्याच वर्षी गोपाळरावांच्या घरी आनंदीबाई झाली आणि १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर. तांदळाच्या ताटात अंगठीने एक नाव लिहिले की पहिले पुसले जाई. एरवी व्यक्तीला चिकटून राहणारे विशेषनाम इथे घर बदलले की बदलते, हे व्याकरणाच्या व्याख्येत कुठे बसवायचे?

पंडिता रमाबाई मात्र जन्मापासूनच रमा; १८८० च्या विवाहानंतरही रमाच. त्यांच्या शारदासदनात शिकलेली विधवा गोदूबाई १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाली. म्हणजे दोन्ही आनंदीबाईंना ते नाव सासरचे.

हे आपल्याकडचेच, असे मुलांना वाटते. पण स्कॉटलंडची राजकन्या ईडिथ ११०० मध्ये पहिल्या हेन्रीशी लग्न झाल्यावर माटिल्डा झाली. माटिल्डा हे जुने जर्मानिक नाव, ‘बळ’ आणि ‘युद्ध’ या शब्दांचे. तिची मुलगीही माटिल्डाच. इंग्लंडच्या गादीसाठी ती खरोखरच लढली.

चरित्रलेखनात याचा उपयोग होतो. ‘बालपणी रमाबाई रानडे’ हे मी वहीत खोडतो. तिथे यमुनाच हवी. मग मुले घरी जाऊन आजीचे माहेरचे नाव विचारून येतात. काहींना ते तोवर ठाऊकच नसते.