शिफ्टनंतरचा डीजे आणि कानातली गुणगुण

प्रश्न : चाकणला प्रेसशॉपमध्ये काम करतो. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या महोत्सवाहून आल्यापासून कान गुणगुणतात. काळजीचं आहे का?

उत्तर : हो. सनबर्न हा असाच महोत्सव २०१६ ते २०१८ पुण्यात भरला, तेव्हापासून आपल्याकडच्या अनेक कामगार पोरांना या संगीताची गोडी लागली, ती जपा. पण कारखान्यातला नि मैदानातला आवाज कानात एकत्रच साठतो. ८५ डेसिबल आठ तास सुरक्षित मानतात. त्यापुढे वाढलेल्या दर तीन डेसिबलला मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं! आतल्या कानातल्या केशपेशी मेल्या की परत येत नाहीत. शिफ्टमधले इअरप्लग महोत्सवातही घाला, स्पीकरपासून लांब राहा. गुणगुण टिकली तर पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात तपासून घ्या. अचानक ऐकू कमी आलं तर त्याच दिवशी जा.