काटकुळ्या माणसाच्या गालात चरबीची गाठ?

प्रश्न : माझ्या सासूबाई अंगाने अगदी काटकुळ्या. तरी त्यांच्या गालात आतून बोराएवढी मऊ गाठ आली आहे. दुखत नाही, पण जेवताना दाताखाली सापडते. डॉक्टर म्हणतात, चरबीची असावी. अंगावर मांस नाही, मग तोंडात चरबी आली कुठून? हळदीचा लेप लावावा का? – एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : शंका रास्त आहे. पण चरबी काही फक्त पोटावर नसते. प्रत्येकाच्या गालात चरबीची गादी असते. तान्ह्या बाळाचे गाल गुबगुबीत दिसतात ते तिच्यामुळेच. चरबीच्या पेशी कधीकधी एकाच जागी वाढत जातात आणि त्यांच्याभोवती पातळ आवरण तयार होतं. हीच ‘लायपोमा’. तूप-तेल कमी केल्याने ती जिरत नाही. उपासाने पोट उतरेल, गाठ नाही. उलट माणूस वाळला की ती जास्तच उठून दिसते.

पाठीवर, खांद्यावर अशा गाठी सर्रास दिसतात, तोंडात मात्र क्वचित. तोंडातल्या निरुपद्रवी गाठींत त्यांचं प्रमाण शंभरात एक ते चार, आणि त्याही बहुधा चाळिशीनंतर. जबड्याच्या हाडाच्या पोकळीतही चरबी असल्याने तिथेही गाठ होऊ शकते, पण ते फारच दुर्मिळ. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये ती अवचित सापडते.

आता हळद. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा मान मोठाच! पण लेप लावतात तो सुजेवर, आणि ही सूज नव्हे. त्यात चुना कालवून तोंडात लावाल तर गाल भाजेल, गाठ तिथेच राहील.

‘गाठीला चाकू लागला की कॅन्सर होतो’ हा समजही सोडून द्या. लायपोमाचा कॅन्सर होणं जवळजवळ घडतच नाही. सासूबाई तंबाखू किंवा मिश्री लावत असतील, तर मात्र केवळ मऊ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गाठ टणक झाली, झपाट्याने वाढली, जखम किंवा पांढरा चट्टा दिसला, तर लगेच दाखवा.

दाताखाली येते आहे, तेव्हा काढलेली बरी. लहान गाठ बहुतेक वेळा जागा बधिर करून निघते आणि सहसा परत होत नाही. काढलेला तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकला की तळाशी न बसता वर तरंगतो, कारण चरबी हलकी. तरी तेवढ्यावर निदान पक्कं होत नाही. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या आणि अहवाल मागून घ्या.