हायकिंगचे बूट : मापाचं गणित आणि सोलचं रसायन

दोन-चारदाच वापरलेले, कपाटात जपून ठेवलेले बूट सात-आठ वर्षांनी बाहेर काढले. दिसायला नवेकोरे. पण डोंगरावर तासाभरातच एकाचा सोल आ वासतो, आणि उतरेपर्यंत दुसऱ्याचाही. हायकिंग करणाऱ्यांमध्ये ही तक्रार सर्रास ऐकू येते. न वापरताही बूट म्हातारे का होतात? आणि मुळात बायकांनी बूट निवडताना काय पाहावं? दोन्ही प्रश्नांमागचं विज्ञान पाहू.

आकार म्हणजे फक्त लांबी नव्हे

बूट ज्या साच्यावर बेततात त्याला ‘लास्ट’ म्हणतात. बायकांचं पाऊल म्हणजे पुरुषी पावलाची छोटी प्रत नव्हे. सरासरीने पाहिलं तर, तेवढ्याच लांबीच्या पुरुषी पावलापेक्षा ते अरुंद असतं आणि चवड्याच्या मानाने टाच लहान असते. त्यामुळे पुरुषांचा लहान नंबर घेतला की पुष्कळदा टाच आत वरखाली होते. त्वचा मोज्याला चिकटून राहते, आतलं हाड मात्र हलतं. या ताणाने त्वचेचे थर एकमेकांपासून सुटतात, मधे पाणी भरतं, आणि फोड येतो. अर्थात ही सरासरी झाली. तुमचा चवडा रुंद असेल तर पुरुषांचा बूटही तुम्हाला बरा बसू शकतो. लेबलवर जाऊ नका, पावलावर जा.

नंबरांचा घोळ वेगळाच. ब्रिटिश आणि अमेरिकन मापात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे 8.5 मिलिमीटर. युरोपीय मापात तो दोन तृतीयांश सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 6.7 मिलिमीटर. भारतात बहुतेक ठिकाणी ब्रिटिश नंबर चालतात. त्यामुळे पुण्यात 5 नंबर घालणाऱ्या बाईला अमेरिकेत बायकांचा साधारण 7, तर जर्मनीत 38 लागेल. कंपनीगणिक यात फरक पडतोच, म्हणून पाऊल सेंटिमीटरमध्ये मोजलेलं बरं. बाळंतपणानंतर जुना नंबर गृहीत धरू नका. गरोदरपणात पावलाची कमान थोडी बसून पाऊल लांब होऊ शकतं, आणि अनेकींच्या बाबतीत ते तसंच राहतं.

दुकानात करायच्या चाचण्या

1. संध्याकाळी जा. दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजतात, डोंगरावरही सुजणार आहेत. हायकिंगचेच मोजे घालून जा.
2. नाडी न बांधता पाऊल पुढे सरकवा. टाचेमागे एक बोट मावायला हवं.
3. नाडी बांधून उतारावर चाला. उतरताना शरीराचं वजन पावलाला पुढे ढकलतं. बोटं टोकावर आपटत असतील, तर लांब उतारावर नखाखाली रक्त साकळून नख काळं पडणार.
4. बूट हातात घेऊन वजन पाहा. पावलाच्या प्रत्येक टप्प्याला ते उचलावं आणि थांबवावं लागतं, म्हणून पायातला एक किलो पाठीवरच्या एका किलोपेक्षा कितीतरी जास्त दमवतो.

सोल का सुटतो?

बाहेरचं रबर आणि पाऊल यांच्यामध्ये फेसाचा थर असतो, तो मिडसोल. दणकट बुटांत तो बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. या पॉलिमरच्या साखळीत अनेकदा एस्टर बंध असतात. हवेतल्या बाष्पाचे रेणू ते बंध एकेक करून तोडतात. यालाच हायड्रोलिसिस म्हणतात. साखळ्या आखूड होत गेल्या की फेस भुसभुशीत होतो, आणि रबर निघून येतं. दमटपणा आणि उष्णता हा वेग वाढवतात. सह्याद्रीत ट्रेकसाठी म्हणून आईकडे माळ्यावर ठेवलेले बूट मुंबई-पुण्याच्या पावसाळ्यात, किंवा दुबईत गाडीच्या डिकीत पडलेले बूट, लवकर जातात. दोन्ही बूट एकाच वयाचे, म्हणून दोन्ही जवळपास एकदमच सुटतात. हलक्या बुटांत बहुधा इव्हीए हा फेस असतो. त्याला हायड्रोलिसिसचा त्रास जवळजवळ नाही, पण तो वापराने लवकर दबतो.

म्हणून जुने बूट नेण्याआधी मिडसोल अंगठ्याने जोरात दाबा, बूट वाकवून पाहा. भेगा, चुरा किंवा चिकटपणा दिसला तर ते घरीच ठेवा. आधी घराजवळ तासभर चालून पाहा. सॅकमध्ये थोडी डक्ट टेप असू द्या, वेळेला सोल बांधून खाली उतरता येतं.

निगा

चिखल कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने काढा. इनसोल आणि नाड्या काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि ते ओले झाले की बदला. हीटरजवळ मात्र ठेवू नका. उष्णतेने गोंद मऊ पडतो, आणि ओल्या चामड्यातलं कोलॅजन आकसून चामडं कडक होतं.

वॉटरप्रूफ बुटांतल्या पातळ पडद्याची छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा खूप लहान, पण बाष्पाच्या रेणूपेक्षा मोठी असतात. बाहेरचं कापड भिजून थबथबलं की घामाच्या बाष्पाला बाहेर पडायला वाव उरत नाही, आणि पाय आतूनच ओले होतात. तेव्हा पडदा फाटला असं लगेच समजू नका. पाणी थेंब होऊन ओघळेनासं झालं, की बूट धुऊन पाणीरोधक लेप पुन्हा लावा. फ्लोरिनमुक्त लेप मिळतात, तेच घ्या. फ्लोरिनवाली ही रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं विघटित होत नाहीत.

शेवटी, बूट कोरड्या, थंड, हवेशीर जागी ठेवा, बंद प्लास्टिक पिशवीत नको. आणि खास प्रसंगासाठी जपून ठेवू नका. रसायन तुमच्या सुट्टीची वाट पाहत नाही, त्यामुळे घेतलेत तर चाला.