निबंधाची पूर्वतयारी : साधनें, टिपणें आणि आराखडा

निबंधाचा विषय फळ्यावर लिहिला जातो आणि वर्गांतील बहुतेक लेखण्या त्याच क्षणीं चालूं लागतात. पहिलें वाक्य ठरलेलेंच असतें. विषय किल्ल्याचा असो, नदीचा असो, कीं एखाद्या थोर पुरुषाचा असो, 'आपल्या या प्राचीन देशांत' येथून आरंभ होतो, आणि दोन पृष्ठें भरलीं कीं शेवटीं एक बोधवचन येतें. मधल्या मजकुरांतून लिहिणाऱ्यास नवें असें कांहीं कळलेलें नसतें. मग वाचणाऱ्यास तें कोठून कळणार? दोष लेखणीचा नव्हे. लेखणी उचलण्यापूर्वीं जें काम व्हावयास हवें तें झालेलें नसतें, इतकेंच. त्या कामाविषयीं येथें चार शब्द लिहावयाचे आहेत.

साधनें धुंडाळणें हें पंडितांचें काम, शाळेंतील मुलांचें नव्हे, असा समज होण्याचा संभव आहे. म्हणून प्रथम एका विद्यार्थ्याचेंच उदाहरण घेऊं. ग्रांट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध झाला. पुढें त्याचें मराठींत भाषांतर झालें, आणि या विषयावर तोच शेवटचा शब्द असें कित्येक वर्षें मानलें गेलें. १८६८ सालीं नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणानें विद्यार्थिदशेंतच त्या ग्रंथावर टीका लिहून प्रसिद्ध केली. टीका म्हणजे निंदा नव्हे. ग्रंथांत काय आलें आहे, काय राहिलें आहे, आणि जें आलें आहे त्यास आधार कोणता, हें तपासून पाहण्याचा तो उद्योग होता. निबंध लहान, पण त्याचे पडसाद दूरवर उमटले. मूळ बखरी व पत्रें छापलीं पाहिजेत, ही जाणीव बळावली. १८७८ सालीं 'काव्येतिहाससंग्रह' मासिक निघालें. १८९८ सालीं विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड बाहेर पडला, आणि पुढें त्या मालेचे बावीस खंड झाले.

राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरील पेटारे उघडवून, वाळवीच्या तोंडचे कागद सोडविले. पानिपतच्या सुमाराचीं पत्रें त्यांनीं पहिल्या खंडांत दिलीं व त्यांस विस्तृत प्रस्तावना जोडली. त्या प्रस्तावनेंतील व पुढील लेखनांतील त्यांचीं कित्येक अनुमानें पुढच्या अभ्यासकांस पटलीं नाहींत, आणि राजवाडे यांचा स्वभावही मतें सौम्यपणें मांडण्याचा नव्हता! परंतु मूळ पत्रेंच छापून दिलेलीं असल्यामुळें, त्यांचें मत खोडून काढण्यास लागणारें साहित्यही त्यांनींच वाचकाच्या हातीं ठेवलें. आधार दाखवून लिहिण्याचा खरा अर्थ हाच आहे.

आतां आपल्या नागपूरकडे वळूं. समजा, निबंधाचा विषय 'सीताबर्डीचा किल्ला' असा आहे. एवढ्या विषयावर निबंध लिहितां येत नाहीं, कारण तो विषय नव्हे, नुसतें नांव आहे. नांवापुढें प्रश्न उभा करावा लागतो. सीताबर्डीची लढाई १८१७ च्या नोव्हेंबरच्या २६ व २७ तारखांस झाली. एका बाजूस आप्पासाहेब भोसल्यांची फौज, दुसऱ्या बाजूस रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांच्या रक्षणास असलेलें इंग्रजांचें सैन्य. मग असें विचारावें: ही लढाई याच दिवसांत कां झाली? किंवा, दोन टेकड्यांपैकीं लहान टेकडीस एवढें महत्त्व कां आलें? असा प्रश्न हातीं आला कीं काय वाचावयाचें व काय सोडावयाचें हें आपोआप ठरूं लागतें.

वाचनाचा आरंभ कोशापासून करावा. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ज्ञानकोशाचें मंडळ प्रथम आपल्या नागपुरांतच स्थापन झालें होतें, हें येथील विद्यार्थ्यांनीं अभिमानानें लक्षांत ठेवावें. परंतु कोश हा दरवाजा आहे, घर नव्हे. त्यांतून माणसांचीं नांवें, सनावळी आणि पुढें काय वाचावें याची दिशा घ्यावी व पुढें निघावें. या विषयास यादव माधव काळे यांचा 'नागपूर प्रांताचा इतिहास' (१९३४) हा मराठी ग्रंथ आहे, १९०८ चें नागपूर जिल्ह्याचें गॅझेटिअर आहे, आणि स्वतः जेंकिन्स यांनीं नागपूरच्या राज्याविषयीं लिहिलेला १८२७ चा अहवाल आहे. ग्रंथ हातीं येतांच प्रथम मुखपृष्ठाकडे पाहावें: हें कोणी लिहिलें, केव्हां लिहिलें, आणि लिहिणारा कोणत्या बाजूचा होता? जेंकिन्स लढाईच्या वेळीं टेकडीवरच होते. म्हणून त्यांची साक्ष मोलाची आहे, आणि म्हणूनच ती एका पक्षाची आहे. जिंकणाऱ्यानें सांगितलेली शत्रूची संख्या आणि हरणाऱ्याच्या हेतूविषयीं त्यानें केलेलें विधान, हीं दोन्ही सावधपणें घ्यावीं. हल्ला आप्पासाहेबांच्या आज्ञेनें झाला कीं त्यांच्या अरबांनीं तो आपण होऊन केला, हा प्रश्न या लढाईंत आहेच. त्याचें उत्तर एकाच कागदावरून देऊं नये.

आजकाल हातांतील मोबाईलला प्रश्न विचारला कीं तयार निबंधच समोर येतो. त्याचा उपयोग मुळींच करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. पण रस्त्यांत भेटलेल्या अनोळखी वाटसरूनें सांगितलेल्या गोष्टीस आपण जेवढा मान देतों, तेवढाच त्यास द्यावा. आधाराचें पुस्तक उघडून तें विधान तेथें सांपडलें, तरच तें आपलें मानावें.

वाचतांना टिपणें कशीं घ्यावीं, हा या लेखाचा मुख्य भाग आहे. वहीच्या पानामागून पानें उतरून काढणें म्हणजे टिपण नव्हे. पोस्टकार्डाएवढीं चिटोरीं कापून घ्यावीं, आणि एका चिटोऱ्यावर एकच गोष्ट लिहावी. खालीं पुस्तकाचें नांव व पृष्ठांक अवश्य घालावा. ग्रंथकाराचे शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर त्यांस अवतरणचिन्हें द्यावीं; आपल्या शब्दांत सारांश लिहिला असेल तर तसें नोंदावें; आणि मनांत आलेली शंका निराळ्या शाईनें लिहावी. महिन्यानें चिटोरें हातीं आलें असतां यांतील दुसऱ्याचें किती आणि आपलें किती, हें ओळखूं आलें पाहिजे. दुसऱ्याचें वाक्य नकळत आपल्या नांवावर खपतें तें बहुधा येथेंच, टिपणांच्या ढिलाईमुळें. आणि पुढें परीक्षक त्यास चोरी म्हणतो तेव्हां मुलाजवळ उत्तर नसतें.

सुटीं चिटोरीं कां, वही कां नको? कारण चिटोरीं हलवितां येतात. वरील प्रश्नाचींच तीन घ्या. एकावर आहे : ५ नोव्हेंबर १८१७, खडकीस पेशवे व इंग्रज यांची लढाई. दुसऱ्यावर : २४ नोव्हेंबर, आप्पासाहेबांनीं पेशव्यांकडून आलेली खिलत दरबारांत स्वीकारली. तिसऱ्यावर : २६ नोव्हेंबर, सायंकाळीं सीताबर्डीवर गोळीबार सुरू. हीं तीन निरनिराळ्या पानांवर विखुरलेलीं असतां कांहीं बोलत नाहींत. जमिनीवर ओळीनें मांडतांच पुण्याची व नागपूरची घटना एका दोरींत ओवलेली दिसते, आणि 'याच दिवसांत कां' या प्रश्नास उत्तराची वाट फुटते. निबंधाचा आराखडा म्हणतात तो हाच; तो डोक्यांतून काढावयाचा नसतो, चिटोऱ्यांतून निघतो.

आराखडा करतांना प्रत्येक परिच्छेदास एक पूर्ण वाक्य द्यावें. 'लहान टेकडी' असा नुसता शब्द लिहून भागत नाहीं. 'लहान टेकडी अरबांच्या हातीं गेली, व तेथील तोफ मोठ्या टेकडीवर वळली, तेव्हां इंग्रजांची बाजू संकटांत आली' असें वाक्य लिहावें. म्हणजे पुढचा परिच्छेद कोणता, हें तें वाक्यच सांगतें : कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाची चाल आणि लहान टेकडी परत घेतली जाणें. एखाद्या वाक्याखालीं ठेवावयास एकही चिटोरें नसेल, तर तें वाक्य आपण कल्पनेनें रचलें आहे असें समजावें व पुनः वाचनालयाची पायरी चढावी. उलट, कांहीं चिटोरीं कोठेंच बसणार नाहींत. तीं टाकण्याचें धैर्य विद्यार्थ्यांस सहसा होत नाहीं, श्रमानें मिळविलेलीं असतात ना! तीं पाकिटांत घालून ठेवावीं. दुसऱ्या निबंधास उपयोगी पडतील. त्यानंतर एकदां त्या टेकडीच्या भोंवतालच्या रस्त्यांवरून फिरून यावें. किल्ला सैन्याच्या ताब्यांत असल्यामुळें आंत नेहमीं जातां येत नाहीं, पण उंची व उतार बाहेरूनही दिसतात.

मिशनच्या शाळेंतील मुलांस स्टीफन हिस्लॉप यांचें नांव परिचित आहे. ते १८४५ सालीं नागपुरास आले व दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं शाळा काढली, एवढें सर्वांस ठाऊक असतें. परंतु ते पक्के टिपणकारही होते. त्यांनीं व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनीं टाकळीसारख्या आसपासच्या ठिकाणांहून दगडांतील शंखशिंपा व वनस्पतींचे अवशेष जमविले, आणि त्यांवरील निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेकडे पाठविले. असा अवशेष कोठें, कोणत्या थरांत सांपडला हें लिहिलेलें नसेल, तर तो पेटींतील एक खडा होय. तें लिहिलें कीं तोच पुरावा होतो. टिपणाखालच्या पृष्ठांकाचें काम नेमकें तेंच. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना हिस्लॉप ओढ्याच्या पुरांत बुडून वारले. गोंड वगैरे जातींविषयींचें त्यांचें लेखन हस्तलिखितांतच राहिलें होतें. रिचर्ड टेंपल यांनीं तें १८६६ सालीं छापून प्रसिद्ध केलें. त्यांत लिंगोचें गोंडी गीत नुसत्या सारांशानें दिलेलें नाहीं. मूळ गोंडी शब्द आणि भाषांतर दोन्ही दिलीं आहेत. म्हणून भाषांतर बरोबर आहे कीं नाहीं, हें गोंडी जाणणारा आजही पडताळूं शकतो.

आईबापांस येथें एक विनंती आहे. मुलास निबंध सांगून लिहवूं नये. त्याऐवजीं घरांतील एखादी ट्रंक उघडून द्यावी. महालांतील जुन्या वाड्यांत, तशीच इतर वस्त्यांतील साध्या घरांतही, विक्रीखतें, मोडी पत्रें, गिरणींतील नोकरीचे दाखले, लग्नपत्रिका, शाळेचीं प्रगतिपुस्तकें पडलेलीं असतात, आणि घर बदलतांना तीं रद्दीच्या तराजूंत जातात. तीं एकदां गेलीं म्हणजे कोणत्याही वाचनालयांत मिळावयाचीं नाहींत. आजोबा किंवा आजी यांच्यापुढें चिटोरें घेऊन बसावें, आणि 'तुमच्या वेळीं कसें होतें?' असें मोघम न विचारतां, 'आजोबा, पहिला पगार किती मिळाला, आणि तो कोठें मिळाला?' असें विचारावें. उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावें, खालीं त्यांचें नांव, वय व तारीख घालावी, आणि वाचून दाखवावें. बहुधा ते मध्येंच थांबवून एखादी चूक दुरुस्त करतील. ती दुरुस्ती खाडाखोड न करतां शेजारीं लिहावी.