भाकर मिळाली, पण माणसं का राहिली?

प्रश्न : न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाताना केडगाव लागतं. तिथल्या मुक्ती मिशनचा विषय निघाला, की आमच्याकडची जुनी माणसं म्हणतात, ‘दुष्काळात पोटासाठी बाटलेले लोक.’ मला कायम प्रश्न पडतो, पोटासाठी गेले असतील तर दुष्काळ सरल्यावर परत का आले नाहीत? एवढा त्रास सोसून तिथेच का राहिले?
– एक वाचक, निमोणे, ता. शिरूर

उत्तर : तुमचा प्रश्न त्या जुन्या वाक्यापेक्षा शहाणा आहे. मुक्ती मिशन ज्यांनी उभं केलं त्या पंडिता रमाबाईंचाच हिशेब आधी मांडू, कारण भूक म्हणजे काय हे त्यांच्याइतकं जवळून पाहिलेला माणूस विरळा.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. पत्नीला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना स्वजनांचा रोष पत्करावा लागला. पुढे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत फिरू लागलं. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. गाठीचं होतं ते दानधर्मात आणि व्रतवैकल्यांत संपलेलं, अंगमेहनतीच्या कामाची सवय नाही आणि भीक मागायची लाज. वडील गेले, मग आई गेली, मग थोरली बहीण. उरलेले भाऊ-बहीण, श्रीनिवास आणि रमा, उपाशीतापाशी, पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. त्या शहरात काही ख्रिस्ती लोकांनी त्यांना बायबल दिलं. त्यांनी ते घेतलं, धर्म घेतला नाही. पोटासाठीच धर्म बदलायचा असता तर ती वेळ होती.

बाप्तिस्मा त्यांनी घेतला २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडमधल्या वाँटेज इथे. तोवर कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं होतं. पुण्यात आर्य महिला समाज त्यांनी स्थापन केला होता, रानड्यांसारखी माणसं पाठीशी होती. गप्प राहिल्या असत्या तर जन्मभर मान मिळाला असता. हा मान हातातून जाईल हे कळत असताना त्यांनी पाऊल उचललं. बाप्तिस्मा घेतला म्हणून मान तुकवली असंही नाही. वाँटेजच्या धर्मभगिनींशी त्या त्रैक्याच्या सिद्धान्तावरून वाद घालत राहिल्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं विचारत राहिल्या. शाकाहार त्यांनी सोडला नाही. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या हाती जायचं नाही, हे त्यांनी तिथल्या वडीलधाऱ्यांना स्वच्छ कळवलं होतं. श्रद्धा त्यांची स्वतःची होती, कुणी दिलेली नव्हती. मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. जे आपण स्वतः पारखून घेतलेलं असतं, ते दुसऱ्याच्या रागाने सुटत नाही.

राग मात्र भरपूर वाट्याला आला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करत, काही मुली आपण होऊन येऊन बसत. एवढ्यावरून १८९३ मध्ये वादळ उठलं. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी दार लावून घेतलं असतं तर वाद मिटला असता. त्यांनी ते लावलं नाही.

आता दुष्काळाकडे येऊ. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात माणसं मरत होती. रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून केडगावच्या सुमारे १०० एकर जमिनीवर तात्पुरत्या झोपड्या उभारून त्यांना ठेवलं. तेच पुढे मुक्ती झालं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. या मुलींनी आधी भाकर खाल्ली आणि मग त्यातल्या पुष्कळजणी ख्रिस्ती झाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. उपाशी पोराला धर्म निवडण्याचं स्वातंत्र्य कितीसं असतं, ही शंका रास्त आहे.

पण परत का आल्या नाहीत, याचं उत्तर एकट्या श्रद्धेत शोधू नका. परतीचं दारच बंद असे. १८४३ सालचं मुंबईचं एक प्रकरण सांगतो. श्रीपाद शेषाद्री नावाचा कोवळा मुलगा मिशनऱ्यांकडे राहिला, जेवला. त्याचा बाप्तिस्माही झाला नव्हता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घेण्यासाठी खटपट केली. तर सनातन्यांनी बाळशास्त्र्यांनाच धारेवर धरलं. ब्राह्मणाच्या मुलाची ही गत, तर मध्य प्रांतातल्या अनाथ पोरीला कोण घरात घेणार होतं?

तरी काही माणसं नाइलाजाने राहिली नाहीत, धरून राहिली. त्यांच्यासाठी तुम्हाला दूर जायला नको. शिरूर म्हणजे घोडनदीची छावणी, आणि तिथे अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं होतं. आसपासच्या गावांतले ख्रिस्ती झालेले लोक बहुतेक महार-मांग समाजातले. महार हा गावचा बलुतेदार. वेसकरकी, निरोप पोचवणं, मेलेलं जनावर ओढणं या कामांवर त्याचं बलुतं अवलंबून. ख्रिस्ती झालेला माणूस देवाच्या नावाने होणाऱ्या गावकीच्या कामाला नाही म्हणू लागला, की खळ्यावरचं धान्य थांबलंच म्हणून समजा. इकडे मिशनचं दान मिळायचं, पण थोडं आणि अनिश्चित. तिकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क जायचा. वडिलोपार्जित मिळकतीवरचा वारसाहक्क धर्म बदलल्याने जात नाही, असा कायदा १८५० मध्ये झाला होता. पण बलुतं प्रत्यक्षात गावाच्या मर्जीवर असे. अशा माणसाच्या हाताला हुन्नर हवा, म्हणून शिरूरला रेव्हरंड विन्सर यांनी उद्योगशाळा काढली. मुंबईचे दानशूर सर दिनशा पेटिट यांचं नाव तिला होतं. घायपाताचा वाख काढण्याचं काम तिथे चाले.

श्रद्धेला वेळ लागतो, हेही सांगायला हवं. नगरचे कवी ना. वा. टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. त्या पुष्कळ दिवस वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या तरी सोवळं वेगळं, चूल वेगळी. आधी जातिभेद मनातून गेला, ख्रिस्त नंतर आला. सुमारे पाच वर्षांनी त्यांनी स्वतःचा निर्णय स्वतः घेतला. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ जरूर वाचा. त्यातलं दारिद्र्य खरं आहे आणि त्यातला आनंदही खरा आहे. टिळकांनी तर १९१७ मध्ये मिशनची पगाराची नोकरीही सोडली. ‘पोटासाठी’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आणि किंमत मोजणं थांबलेलं नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर आयोग नेमावा लागला. म्हणजे वस्ती तीच, गरिबी तीच, गावाची नजर तीच, पण दाखल्यावर ‘ख्रिस्ती’ लिहिलं की त्या सवलती गेल्या. शपथेवर खरा धर्म सांगणारं गरीब कुटुंब आजही आपल्या पोराच्या शिक्षणातून त्याची किंमत देतं. हे अन्यायाचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

रमाबाईंच्या शेवटाविषयी दोन ओळी. लेक मनोरमा १९२१ च्या जुलैत गेली. तिच्यामागे काही महिन्यांनीच, ५ एप्रिल १९२२ रोजी, आईने देह ठेवला. मधल्या काळात त्या एकच काम करत होत्या. हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून, साध्या बायांना कळेल अशा मराठीत त्यांनी केलेल्या बायबलच्या भाषांतराची मुद्रितं तपासणं.

शेवटी एक विनंती. तुमच्या गावात किंवा शिरूर-दौंडकडे एखाद्या ख्रिस्ती घरात ऐंशीच्या घरातली आजी असेल, तर तिच्याकडे जा. तिच्या आजीने धर्म का घेतला आणि त्यापायी काय गेलं, ते विचारा आणि तिच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या. मिशनऱ्यांच्या अहवालांत मिशनऱ्यांचं म्हणणं आहे, वर्तमानपत्रांत विरोधकांचं. त्या आजीचं म्हणणं अजून कुणी लिहिलेलं नाही.