उष्णतेच्या किरणांतून वीज

चुलीतल्या ज्वाळा बसल्या, तरी निखाऱ्यांसमोर हात धरला की तळवा पोळतो. ही उष्णता किरणांच्या रूपाने येते. तिची थेट वीज करता येईल काय, आणि त्यात वाया किती जाईल, हा प्रश्न कला शाखेचा विद्यार्थी असूनही मला स्वस्थ बसू देत नाही.

निमित्त आपल्याच जिल्ह्यातले. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम जिल्ह्यातील कार्यक्रमात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतील राज्यातल्या पाच सौरप्रकल्पांचे लोकार्पण झाले. एकूण क्षमता १९ मेगावॉट. ओलितासाठी दिवसा वीज मिळावी, हा त्यामागचा हेतू. थंडीत, सापविंचवाच्या भीतीत, रात्री हरभऱ्याला पाणी देणाऱ्यांनाच त्याचे मोल विचारावे.

सूर्य हाही एक निखाराच. त्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सियस तापलेला. पण सिलिकॉनच्या घटाला सगळे किरण पचत नाहीत. सुमारे १.१ इलेक्ट्रॉन व्होल्टहून दुबळ्या किरणांची वीज होत नाही, आणि प्रबळ किरणांची जादा ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणून अशा साध्या घटाची कार्यक्षमता फार तर ३३ टक्क्यांच्या आसपास अडते. या मर्यादेचे गणित शॉकली आणि क्वाइसर यांनी १९६१ साली मांडले. त्यातून घट तापला की वीज आणखी घटते. विदर्भातला मे महिना त्याला मानवत नाही, हे काही नवल नव्हे!

सूर्याला न पचलेले किरण परत करता येत नाहीत. निखारा जवळ असेल तर मात्र करता येतात. घटाच्या पाठीमागे आरसा बसवला की दुबळे किरण उलटून निखाऱ्यावर पडतात आणि त्यालाच तापते ठेवतात. बाजारात न खपलेली भाजी घरी आणून रांधावी, तसे हे. सारी युक्ती मला या आरशातच दिसते.

२०२२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळा यांच्या संशोधकांनी 'नेचर' नियतकालिकात ४० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेची नोंद केली. त्यांचा स्रोत २४०० अंशांपर्यंत तापवलेला होता आणि घट थंड ठेवलेला. त्यांचा विचार असा, की दिवसाची जादा वीज उष्णतेच्या रूपाने ग्रॅफाइटमध्ये साठवावी आणि रात्री तिचे किरण अशा घटांवर पाडावेत. एवढ्या उष्णतेला पोलाद टिकत नाही. ते सुमारे १५०० अंशांलाच वितळते. पारसच्या औष्णिक केंद्रात वाफेवर फिरणारे चक्र लागते, इथे फिरणारे काहीच नाही.

प्रयोगातला तो घट जेमतेम एक चौरस सेंटिमीटरचा होता. आपल्याकडचा पाच अश्वशक्तीचा पंप त्याच्यापासून अजून फार दूर आहे.