छळाच्या प्रसंगी विद्यार्थ्यांची तयारी
शास्त्रपाठ : १ पेत्र ३:१३-१७, ४:१४-१६.

छळाविषयीचा पाठ शिकविताना आपण बहुधा शद्रख, मेशख व अबेद्‌नगो ह्यांची गोष्ट सांगतो, आणि मुले ती आवडीने ऐकतात. परंतु त्यांच्यापुढे येते ती भट्टी निराळी असते. पाणवठ्यावरचे टोमणे, सोबत्यांनी टाकलेले बोलणे, रडणारी आई, ह्यांतून त्यांस जावे लागते. ह्या प्रसंगांसाठी त्यांची तयारी करणे हे आम्हां शिक्षकांचे काम होय.

१८४३ साली मुंबईस स्कॉच मिशनच्या शाळेत शिकलेले नारायण शेषाद्री ह्या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. बाप कोर्टात गेला, व श्रीपत वयाने लहान म्हणून कोर्टाने त्यास बापाच्या हवाली केले. मग त्यास जातीत परत घ्यावे की नाही, ह्यावर मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी घ्यावे असा पक्ष धरला. सनातनी लोकांनी विरोध केला. नारायणराव पुढे पाळक झाले, व जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव त्यांनी वसविले. नारायणरावांची गोष्ट आपण हौसेने सांगतो. श्रीपतीची सांगत नाही. तरी आपल्या वर्गात श्रीपतीसारखी मुलेही बसतात.

ह्यास्तव पुढील गोष्टी शिकवाव्या :

१. प्रत्येक दुःख ख्रिस्तासाठी नसते. चोरी केली, किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ केली, म्हणून मार बसला, तर तो छळ नव्हे, असे पेत्र स्पष्ट बजावितो. शेजाऱ्याच्या देवाची थट्टा करून ओढवलेले भांडणही असेच समजावे.

२. आशेचे कारण कोणी विचारिले, तर उत्तर तयार असावे, पण ते सौम्यतेने द्यावे. मुलांकडून दोन-चार सोप्या वाक्यांत ते वर्गातच म्हणवून घ्यावे.

३. विश्वास धरिला म्हणून आईबापांचा मान सुटत नाही. घरचे काम अधिक मन लावून करणे हीच पुष्कळदा उत्तम साक्ष ठरते.

४. संकटापासून दूर जाणे हे पाप नव्हे. एका गावी छळ झाला तर दुसऱ्या गावी जा, असे प्रभूनेच शिष्यांस सांगितले (मत्तय १०:२३). मुलास मार बसत असेल, तर त्याने लगेच पाळकास किंवा शिक्षकास कळवावे. मंडळीने त्यास एकटे सोडू नये.

आणि कोणी भिऊन मागे सरला तर? हे पत्र लिहिणाऱ्या पेत्रानेच एका दासीपुढे प्रभूस नाकारिले होते. प्रभूने त्यास टाकिले नाही. सरोवराच्या तीरी जेवू घातले, आणि आपली मेंढरे त्याच्या हाती दिली. जे मूल आज आपल्या वर्गात येत नाही, त्याच्या घराकडे ह्या आठवड्यात आपण गेलो काय?

प्रश्न : (१) छळ कशास म्हणावे? (२) श्रीपत आपल्या गावी असता, तर मंडळीने त्याच्याशी कसे वागावे?